चौथ्या मजल्यावरची माणसे



 या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांवर बोलले जाते. मी आज आपल्या इमारतींच्या जिन्यावर बोलणार आहे. आग लागली, वीज जाऊन लिफ्ट थांबली, किंवा खांबाला तडा गेल्यामुळे सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडायचे ठरले, तर ज्याला स्वतःच्या पायांनी जिना उतरता येत नाही तो माणूस खाली कसा येणार, हा माझा प्रश्न आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हा प्रश्न आयत्या वेळी सुटत नाही. त्या वेळी धाडस असते, माया असते, आरडाओरड असते. पण कोणी कोणाला, कशावर बसवून, कोणत्या वाटेने खाली न्यायचे हे ठरलेले नसेल तर यांपैकी काहीच पुरत नाही. ते आधी ठरवावे लागते आणि माणसागणिक नाव घेऊन ठरवावे लागते. ज्या इमारतीने ते ठरवलेले नाही, तिने आपल्या काही रहिवाशांना दैवावर सोडलेले आहे.

आपले जिने आणि आपले वय

नवघर, गोडदेव, खारी ही इथली, भाईंदरची मूळ गावे. १२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. त्या वाढीच्या पहिल्या दोन दशकांत भाईंदर पूर्वेला उभ्या राहिलेल्या बहुतेक इमारती एकाच घडणीच्या आहेत : तळमजला, वर चार मजले, मध्ये अरुंद जिना, लिफ्ट नाही. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघालेल्या कुटुंबांनी इथे पहिले स्वतःचे घर घेतले. चौथा मजला थोडा स्वस्त पडायचा. तिशीतल्या जोडप्याला चार जिने म्हणजे काहीच नव्हते.

ते जोडपे आज सत्तरीत आहे. जिना तोच आहे. तीन मीटर उंचीच्या मजल्याला साधारण १९ सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर मजल्यामागे १६ पायऱ्या होतात. चौथ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत ६४. गुडघ्याची वाटी झिजलेल्या बाईसाठी, अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या गृहस्थांसाठी, डायलिसिस करून परतलेल्या रुग्णासाठी या ६४ पायऱ्या रोजचीच अडचण आहेत. अशी किती तरी माणसे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते, डॉक्टर बोलावले तर घरी येतात. हळूहळू शेजाऱ्यांना त्यांचा विसर पडतो, आणि संकटाच्या वेळी हाच विसर सर्वांत महागात पडतो.

यात केवळ वृद्ध येत नाहीत. व्हीलचेअरवर वावरणारी तरुण मुलगी आहे, नववा महिना लागलेली सून आहे, पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा आहे. भोंगा ऐकू न येणारा कर्णबधिर माणूस आहे, धुरात ओळखीची वाटही हरवून बसणारी अंध व्यक्ती आहे, घाबरून पलंगाखाली शिरणारे विसरभोळे आजोबा आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. तात्पुरते जायबंदी झालेले आणि वयाने थकलेले त्या आकड्यात नाहीत.

धूर कोणत्या वाटेने येतो

आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात, आणि धुराला वर जायला सर्वांत सोपी वाट जिन्याचीच असते. तळाशी आग लागली की जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. आपल्या इमारतींत विजेचे मीटर बहुधा जिन्याच्या पायथ्याशी असतात. शेजारी दुचाकी उभ्या, त्यांतल्या काही चार्जिंगला लावलेल्या, जिन्याखाली जुने सोफे, पुठ्ठे आणि सायकली. बाहेर पडायच्या एकमेव वाटेच्या तोंडाशी आपण जळाऊ सामान रचून ठेवतो.

याची किंमत काय असते ते गोरेगाव पश्चिमेच्या आझाद नगरमधील जय भवानी इमारतीने दाखवले. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, तळाशी उभ्या केलेल्या गाड्यांना आणि साठवलेल्या कपड्यांच्या चिंध्यांना आग लागली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील ती इमारत. धूर झपाट्याने वरच्या मजल्यांवर पोचला. किमान सात जणांचे प्राण गेले आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. अशा वेळी धडधाकट माणसाला जिना उतरणे कठीण होते. ज्याला उचलून न्यावे लागेल त्याला धुराने भरलेला जिना बंदच झालेला असतो.

खाडीपलीकडची, आपल्या अगदी जवळची आठवण विरारची आहे. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विजय वल्लभ रुग्णालयातील दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि कोविडचे किमान १३ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली होती, आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी होती, पण मरण पावलेल्यांत एक गोष्ट समान होती : त्यांतल्या कोणालाही स्वतः उठून चालत बाहेर पडता येत नव्हते. म्हणूनच रुग्णालयांच्या रचनेत पहिला विचार आडव्या स्थलांतराचा करतात. रुग्णाला लगेच जिन्याकडे न नेता त्याच मजल्यावर, आग रोखणाऱ्या दारापलीकडच्या भागात हलवायचे, आणि मग सवडीने खाली न्यायचे.

संकट नेहमी आगीचेच असते असेही नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, हे आपण जाणतो. ऑक्टोबर २०२० मध्ये डोंबिवलीच्या कोपर भागात पहाटे जागा असलेल्या एका तरुणाला घरातला भाग ढासळताना दिसला. त्याने सगळ्यांना उठवले आणि इमारत कोसळण्यापूर्वी सुमारे पाऊणशे रहिवासी बाहेर पडले. मिळालेली ती थोडी मिनिटे फार मोलाची होती. तेवढ्या मिनिटांत अंथरुणाला खिळलेला माणूसही खाली यायला हवा असेल, तर त्याला उचलणारे हात आधीच ठरलेले असले पाहिजेत.

न्यूयॉर्क आणि लंडन

जगाने हा धडा फार मोठ्या किमतीने घेतला आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २६ फेब्रुवारी १९९३ रोजी बाँबस्फोट झाला. तिथे काम करणारे जॉन अब्रुझो चालू शकत नव्हते. त्या दिवशी त्यांना बाहेर काढायला सहकाऱ्यांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. त्या अनुभवानंतर तिथे जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्च्या आणून ठेवल्या गेल्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी हेच अब्रुझो ६९ व्या मजल्यावर होते. दहा सहकाऱ्यांनी त्यांना अशाच एका खुर्चीत बसवले, आळीपाळीने धरले आणि सुमारे दीड तासात खाली आणले. ते वाचले. त्यांचे शरीर तेच होते आणि इमारतही तीच होती. फरक खुर्चीचा होता, आणि सहा तासांच्या त्या अनुभवातून आलेल्या शहाणपणाचा होता.

त्याच इमारतीत २७ व्या मजल्यावर एड बेया हे व्हीलचेअरवरचे गृहस्थ अडकले होते. त्यांचे मित्र एब झेल्मानोविट्झ धडधाकट होते, उतरू शकत होते. ते मित्राला सोडून गेले नाहीत. दोघेही तिथेच मरण पावले. या मैत्रीपुढे आपण नतमस्तक होतो. पण एका माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला असा त्याग करावा लागणे, हे त्या व्यवस्थेचे अपयश होते. शेजाऱ्याच्या हौतात्म्यावर विसंबून इमारत चालवता येत नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली. ७२ माणसे गेली. त्या इमारतीत राहणाऱ्या ३७ अपंग व्यक्तींपैकी १५ जण त्या रात्री मरण पावले. पुढच्या चौकशीने शिफारस केली की ज्याला स्वतः बाहेर पडणे अवघड आहे अशा प्रत्येक रहिवाशासाठी स्वतंत्र सुटकेचा आराखडा असावा. तिथल्या अपंगांच्या संघटना आणि मृतांचे नातेवाईक वर्षानुवर्षे त्यासाठी झगडले, तेव्हा कुठे २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये निवासी इमारतींसाठी तसे नियम झाले. मूळ कल्पना अगदी साधी आहे : एका माणसासाठी एक कागद, आणि त्यावर तो खाली कसा येणार याचे उत्तर.

आपला कायदा काय म्हणतो

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे आठवे कलम आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण मिळाले पाहिजे असे सांगते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवावी, हेही त्यातच आहे. आपल्यासाठी हे प्राधिकरण ठाणे जिल्ह्याचे. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतींतल्या रेफ्यूज एरियात, म्हणजे संकटात थांबण्याच्या राखीव जागेत, दर दोनशे रहिवाशांमागे एका व्हीलचेअरची जागा मागते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंध कायद्याने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते.

हे सगळे आवश्यक आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा उजवा खांदा निखळलेला आहे आणि त्यांना डाव्या बाजूनेच धरावे लागते, हे कोणत्याही कायद्याला कळणार नाही. ते शेजाऱ्यालाच कळू शकते. अग्निशमन दलाचे जवान जिवावर उदार होऊन येतात. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. तरीही गाडीला आपल्या गल्लीत शिरायला वेळ लागतो, दुतर्फा लावलेल्या वाहनांमुळे आणखी लागतो. पहिली काही मिनिटे इमारतीची स्वतःचीच असतात.

उतरवायचे कसे

आता प्रत्यक्ष कृतीविषयी थोडे सविस्तर बोलतो.

पहिला निर्णय असतो उतरायचे की थांबायचे. आग आपल्याच घरात असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि मागे दार लोटून घ्यायचे. बंद दार धुराला बराच वेळ अडवते. आग दुसरीकडे आहे आणि जिना स्वच्छ आहे, तर उतरायचे. जिन्यात धूर भरला असेल तर घरातच थांबायचे, दाराच्या फटीत ओली चादर कोंबायची, रस्त्याकडच्या खिडकीशी जायचे आणि १०१ किंवा ११२ वर मजला आणि खोली सांगायची. उचलून न्यावे लागणाऱ्या माणसाबाबत हा निर्णय फार महत्त्वाचा, कारण मधल्या टप्प्यावर धुराने गाठले तर तिघेचौघे एकदम अडकतात. यासाठीच खिडकीच्या लोखंडी जाळीला आतून उघडणारी झडप हवी. पूर्ण बंद जाळीमुळे शिडी खिडकीपर्यंत पोचूनही माणूस बाहेर काढता येत नाही. गच्चीचे दार कुलूपबंद असेल तर जिन्याचा सर्वांत वरचा टप्पा म्हणजे धुराचा सापळा होतो, हेही ध्यानात ठेवावे. आगीत लिफ्ट वापरायची नाही. अग्निशमन दलासाठी असलेली लिफ्ट त्यांचे जवानच चालवतील.

दुसरी गोष्ट, माणसाला विचारणे. ज्याला उतरवायचे त्याच्याशी आधीच बोलावे. कुठे दुखते, कसे धरलेले चालते, लघवीची नळी आहे का, हाडे ठिसूळ आहेत का, हे तोच सांगू शकतो. काहींना पायरीवर बसत बसत स्वतः उतरता येते आणि तेच त्यांना बरे वाटते. काहींना कठडा आणि दुसऱ्या बाजूला एक खांदा एवढे पुरते. आपल्या शरीराविषयीचा निर्णय त्याच माणसाचा. त्याला विचारल्याशिवाय उचलणे हा त्याचा अपमान आहे, आणि त्यात इजेचाही धोका आहे.

तिसरी गोष्ट, साधन. जिन्यावरून उतरवायच्या खुर्चीला मागे रबरी पट्टे असतात. ते पायऱ्यांच्या कडांवर घासत सरकतात आणि वजन पेलतात, त्यामुळे शिकलेला एक माणूसही तिला सावकाश खाली आणू शकतो. सरळ टप्प्यांच्या जिन्यावर ती उत्तम चालते, गोल फिरणाऱ्या जिन्यावर चालत नाही. चार-पाच सोसायट्यांनी मिळून अशी एक खुर्ची सरावासाठी घ्यावी आणि मग प्रत्येकीने आपली घ्यावी. ती कुलपात ठेवू नये. वरच्या मजल्यावर, हाताशी ठेवावी.

ती नसेल तर घरातली मजबूत लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्यावी. प्लास्टिकची नको, तिचे पाय वाकतात. माणसाला मागे टेकवून बसवावे, ओढणीने किंवा चादरीने कमरेशी आणि छातीशी बांधावे, हात मांडीवर घ्यायला सांगावेत. त्याचे तोंड उतरण्याच्या दिशेला. एकाने मागून पाठ धरून खुर्ची कलती करावी, दुसऱ्याने समोरून पुढचे पाय धरावेत. समोरचा माणूस उलटा उतरतो, म्हणून त्याच्या पाठीला हात लावून पायरी सांगणारा तिसरा हवाच. हुकूम एकाचाच, मागच्याचा. प्रत्येक मधल्या चौकात टेकायचे आणि माणसे बदलायची. अंथरुणाला खिळलेल्यासाठी जाड गोधडी किंवा सतरंजी, कडा गुंडाळून सहा जणांच्या मुठीत. पाय पुढे, डोके वरच्या बाजूला. सराव मात्र रुग्णावर करू नये. इमारतीतल्या एखाद्या तरुणाला खुर्चीत बसवून करावा. नागरी संरक्षण दल, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि स्काउट पथके हे उचलण्याचे प्रकार शिकवतात, त्यांना बोलवावे.

व्हीलचेअर घडी करून कोणीतरी मागून आणावी. नाहीतर खाली पोचलेला माणूस रस्त्यावर पुन्हा तितकाच हतबल होतो. बॅटरीची जड खुर्ची मात्र वरच राहू द्यावी.

दुपारची इमारत

आता भाईंदरच्या खास अडचणीकडे येतो. आपले तरुण सकाळच्या लोकलने अंधेरीला, दादरला, चर्चगेटला जातात आणि रात्री परततात. आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे दहा-बारा तास, इमारतीत वृद्ध, गृहिणी, लहान मुले आणि वॉचमन एवढेच असतात. सोसायटीच्या सभेत ‘आपली पोरं आहेत की’ असे म्हटले जाते, तेव्हा ती पोरे बोरिवलीच्या पुढे गेलेली असतात.

म्हणून याद्या दोन हव्यात, रात्रीची आणि दिवसाची. दिवसाच्या यादीत घरी असणाऱ्या बायका आल्या, तळमजल्याचे दुकानदार आले, नाक्यावरच्या स्टँडचे रिक्षावाले आले, जवळच्या स्टीलच्या गाळ्यांतले कामगार आले. त्यांच्याशी आधी बोलून, त्यांना जिना दाखवून, सरावात सामील करून घ्यायचे. वरच्या घरात दिवसभर एकटी असणारी व्यक्ती वॉचमनला माहीत असली पाहिजे. त्याला मराठी येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावले पाहिजे, आणि त्याची पाळी बदलली तर नव्याला सांगितले पाहिजे.

ही यादी फलकावर लावायची नाही. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते हे चोरांना सांगण्याची गरज नाही. ती सेक्रेटरींकडे आणि वॉचमनच्या चौकीत बंद पाकिटात असावी, आणि आग विझवायला आलेल्या जवानांच्या हातात सर्वांत आधी पडावी. कोणाचे नाव यादीत घालायचे ते त्या व्यक्तीच्या संमतीने.

मित्रहो, हे फार खर्चाचे काम नाही. मीटरजवळचे सामान हलवायला पैसे लागत नाहीत. दाराशी बसून आजींना ‘तुम्हाला कसे धरलेले चालेल?’ असे विचारायलाही लागत नाहीत. लागते ती सभेच्या विषयपत्रिकेवरची एक ओळ. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. गळती, पार्किंग आणि मेंटेनन्स यांवर आपण तासन्‌तास बोलतो. त्याच सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे. मी तो लिहूनच आणला आहे :

‘संस्थेतील ज्या रहिवाशांना जिना उतरण्यास मदत लागते, त्या प्रत्येकासाठी त्यांच्याशी बोलून सुटकेचा लेखी आराखडा करावा. प्रत्येकासाठी दिवसा तीन आणि रात्री तीन साहाय्यक नेमावेत. जिना आणि मीटरची जागा सामान व वाहने यांपासून मोकळी ठेवावी. गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडेल असे करावे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत जिन्यावर सराव घ्यावा व याद्या नव्याने तपासाव्यात.’

या ओळींत मोठे तत्त्वज्ञान नाही, पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाला त्यातून एक गोष्ट कळते : काही झाले तर अमुक तिघे आपल्या दाराशी येणार आहेत. रात्री निर्धास्त झोपण्याचा हक्क तळमजल्यावरच्याला आहे, तितकाच त्यालाही आहे.

संयोजकांनी या ठरावाच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना एक घेऊन जा आणि यंदाच्या सभेत मांडा. एकाने मांडायचा आणि एकाने अनुमोदन द्यायचे, एवढी दोन माणसे प्रत्येक इमारतीत आहेत.